तारेचा पिंजरा फेकून द्या

जर्बिल पळाला म्हणून कोणी फोन केला की मी पहिला प्रश्न एकच विचारते, कशात ठेवला होता? उत्तर ठरलेलं असतं. खाली रंगीत प्लॅस्टिकचा चार बोटं खोल ट्रे, वर तारांची टोपी, आत प्लॅस्टिकचं घरटं, एक चाक आणि बाहेरून अडकवलेली पाण्याची बाटली. जर्बिलच्या जोडीबरोबर दुकानदाराने हा संच गळ्यात मारलेला असतो. मग पलीकडचा माणूस सांगायला लागतो, हा प्राणीच बदमाश आहे, कितीही जपा, पळणारच. हे साफ खोटं आहे, आणि हे खोटं मला आता ऐकवत नाही. जर्बिलने बदमाशी केलेली नसते. त्याचा जन्म ज्या दोन कामांसाठी झाला, कुरतडणं आणि उकरणं, ती त्याने केलेली असतात. माणसाने मात्र करायला हवं होतं ते एकही काम केलेलं नसतं.

आपल्याकडे पाळीव म्हणून विकला जातो तो मंगोलियन जर्बिल. मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या गवताळ माळांवरचा हा उंदरासारखा जीव. वजन साधारण शंभर ग्रॅमच्या आत, अंग वीतभरही नाही आणि जवळपास तेवढीच लांब, केसाळ शेपूट. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली उतरतो, उन्हाळ्यात माळ भाजून निघतो. या दोन्हींतून तो तगतो तो जमिनीमुळे. अर्धा मीटर खोल, थंडीत त्याहूनही खोल, अशी बिळं हे प्राणी कुटुंबाने मिळून खणतात. त्यांत झोपायची जागा वेगळी आणि धान्य साठवायची वेगळी असते. १९३५ साली जपानी संशोधकांनी त्यातल्या वीस जोड्या पकडून प्रयोगशाळेत नेल्या, १९५४ साली त्यांच्या वंशातले काही अमेरिकेत पोचले, तिथून जगभरच्या प्रयोगशाळांत आणि मग घराघरांत. तुमच्या घरातला जर्बिल बहुधा त्याच वंशातला आहे. इतक्या पिढ्या कैदेत गेल्या तरी त्याच्या पंजांतलं उकरणं तसूभरही कमी झालेलं नाही. आणि आपण त्याला चार बोटं भुसा देतो.

आधी दातांचं बोलू, कारण पळण्याची सुरुवात तिथूनच होते. जर्बिलचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवावेच लागतात. पण दात सपाट जागेवर लागत नाहीत, त्यांना कड लागते. तारेच्या पिंजऱ्यात कडा जागोजागी असतात. माझ्याकडे आलेला एक ट्रे मी ठेवून दिला आहे, लोकांना दाखवायला. जिथे तारांची टोपी ट्रेच्या ओठावर बसते, तिथे कोपऱ्यात एक बारीक खाच आहे. खाचेच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकवर दातांच्या जोडरेघा आहेत, नखाने ओढल्यासारख्या, एकीखाली एक. त्याखाली अंगठा जाईल एवढं गोल भोक, आणि भोकाची आतली कड घासून घासून गुळगुळीत झालेली. हे एका रात्रीत झालेलं नाही. तो प्राणी रात्रीमागून रात्री एकाच जागी बसून काम करत होता, आणि घरातल्या माणसांनी तो आवाज ऐकून ‘खेळतोय’ म्हणून कूस बदलली होती.

तो खेळत नव्हता. तारा चावणारा जर्बिल कधी जवळून पाहा. तो तार तोंडात धरतो, डोकं एका लयीत हलवतो, सोडतो, पुन्हा तीच तार धरतो. असं अर्धा अर्धा तास चालतं. नाकावरचे केस आधी विरळ होतात, मग जातात, मग तिथे लालसर ओली जखम दिसते. पुष्कळांना ही बुरशी वाटते, ते मलम आणतात, जखम चार दिवस सुकते आणि पुन्हा उघडते, कारण तार जागेवरच असते. ही तार बदला असं सांगणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे. मलम विकणारे भेटले.

आता उकरण्याकडे येते, कारण खरी गोम इथे आहे. कोपऱ्यात उभं राहून पुढच्या पंजांनी काच किंवा प्लॅस्टिक खरवडत राहणारा जर्बिल सगळ्यांनी पाहिलेला असतो. लोक म्हणतात, त्याला माती हवी. अर्धं उत्तर. झुरिक विद्यापीठातल्या क्रिस्तोफ वीडनमायर यांनी या खरवडण्याचा नीट अभ्यास केला आणि १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. काही पिल्लांना त्यांनी उकरायला कोरडी वाळू दिली. तरी ती कोपरे खरवडत राहिली. दुसऱ्या पिल्लांना तयार बीळ दिलं, एक बोगदा आणि त्याच्या टोकाला अंधारी खोली. त्यांच्यात हे वेड आलंच नाही. याचा अर्थ लक्षात घ्या. जर्बिल उकरतो तो बोगद्यातून जाऊन अंधाऱ्या, बंद, सुरक्षित जागी पोचण्यासाठी. कोसळणाऱ्या वाळूत ती जागा तयार होत नाही, म्हणून तो उकरतच राहतो. तारांच्या पिंजऱ्यात तर चहूबाजूंनी उजेड, वारा आणि माणसांची तोंडं. शिकारी प्राण्याच्या भीतीने जो जीव लाखो वर्षं जमिनीखाली झोपला, त्याला आपण दिवाणखान्याच्या मधोमध, ट्यूबलाइटखाली, टीव्हीशेजारी लटकवतो. तिथून तो बाहेर पडायला धडपडणार नाही तर काय करेल?

म्हणून पिंजरा ‘पक्का’ कसा करावा हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. नुसत्या पक्क्या पिंजऱ्यात जर्बिल पळणार नाही, पण नाक फोडून घेईल, कोपरे खरवडेल, जोडीदाराला चावेल. त्याला राहावंसं वाटेल असं घर आधी हवं आणि ते पक्कंही हवं.

दुकानात गेलात की काय ऐकू येतं? ‘हॅमस्टरचाच पिंजरा चालतो मॅडम, दोन्ही एकच.’ एकच कसे? हॅमस्टर एकटा राहणारा, जर्बिल कुटुंबात राहणारा. हॅमस्टरला शेपूट नावाला, जर्बिलची अंगाएवढी. पायऱ्यांच्या चाकात, म्हणजे ज्यात पाय ठेवायला आडव्या तारा असतात त्यात, ही शेपूट अडकते आणि शेपटीची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. आतलं उघडं हाड सुकून गळून पडतं, शेपूट परत येत नाही. दुकानदाराला हे ठाऊक नसेल तर त्याने प्राणी विकू नयेत, आणि ठाऊक असून तो ते चाक विकत असेल तर त्याने दुकानच बंद करावं. त्या रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या नळ्यांबद्दलही तेच. मुलांना त्या आवडतात कारण त्यांतून प्राणी धावताना दिसतो. जर्बिल त्यांचा प्रत्येक सांधा कुरतडतो, सांध्यातून बाहेर पडतो, आणि पोटात गेलेले प्लॅस्टिकचे तुकडे आतडी अडवू शकतात. ही सगळी सामग्री बनवताना विचार माणसाच्या डोळ्यांचा झालेला आहे. प्राण्याचा विचार त्यात कुठेच नाही, आणि किंमत मात्र आपण प्राण्याच्या नावाने मोजतो.

मग ठेवायचं कशात? काचेच्या टाकीत. फिश टँक बनवणाऱ्याकडे जा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, पाच मिलिमीटर काच, एवढं सांगितलं की तो बनवून देतो. दोघांसाठी याहून लहान मी सुचवत नाही. पैसे वाचवायचे असतील तर सिलिकॉन सुटल्यामुळे गळणारी जुनी टाकी मागा. माशांसाठी ती निकामी असते, कोणी घेत नाही, जर्बिलसाठी उत्तम चालते. तडा गेलेली मात्र घेऊ नका. काच सपाट असते, दाताला कड देत नाही, आणि उकरलेला भुसा बाहेर उडत नाही, त्यामुळे घरातली मंडळीही कुरकुरत नाहीत. एवढी टाकी रिकामीच पंचवीस किलोच्या आसपास भरते. म्हणून ती डगमगणाऱ्या स्टुलावर नको, भक्कम टेबलावर किंवा ओट्यावर हवी, आणि एकदा ठेवली की हलवायची नाही.

झाकणात लोक चुकतात. जर्बिल उभ्या जागेवरून फूटभर सहज उडतो, त्यामुळे उघडी टाकी ही टाकीच नव्हे. वर पुठ्ठा ठेवून त्यावर पुस्तकांचा गठ्ठा, हा प्रकार मी पाहिला आहे. हवा कोंडते आणि पुठ्ठा तर त्याच्या खाण्यातलाच पदार्थ. खिडकीला लावतात ती डासांची जाळी, फायबरची किंवा ॲल्युमिनियमची, दातांपुढे टिकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची भोकांची वेल्डमेश जाळी मिळते, ती आणा. अर्धा इंची मोठ्या जर्बिलला अडवते, पण पिल्लू त्यातून निसटू शकतं, आणि पिल्लं होणारच नाहीत याची खात्री बहुतेक घरांत कोणालाच नसते. सुताराकडून चौकट करून घ्या, पण जाळी चौकटीच्या आतल्या अंगाने ठोकायला सांगा. बाहेरून ठोकली तर आतली लाकडाची कड उघडी राहते आणि प्राणी तिथूनच सुरुवात करतो. हे सुताराला दोनदा सांगावं लागतं. त्याच्या सवयीचं काम उलटं असतं. चारही बाजूंना कड्या किंवा क्लिपा लावा. वजनावर भिस्त ठेवू नका, कारण घरात मांजर असेल तर तेच वजन आत पडतं. पाण्याच्या बाटलीसाठी झाकणात भोक पाडण्यापेक्षा धातूच्या पट्टीने ती आतच अडकवा, आणि फक्त नळी पुढे येईल असं पाहा. बाटली प्लॅस्टिकची असते, हे तो विसरत नाही.

आता आतलं. टाकी निम्मी भरायची, म्हणजे एक फूट भराव. दहा इंचांच्या खाली काही साधत नाही. भराव असा हवा की बोगदा खणला तर तो उभा राहील. नुसता भुसा ढासळतो. साध्या कागदाचे तुकडे, पुठ्ठ्याचे काप, सशांसाठी विकतात ते वाळलेलं गवत, असे थर एकावर एक दाबून भरा, गवत धाग्यासारखं सगळं धरून ठेवतं. सुताराकडचा फुकटचा भुसा आणू नका. त्यात प्लायवूडचा गोंद असतो, बारीक धूळ असते, आणि देवदारासारख्या वासाच्या लाकडातली द्रव्यं या लहान फुप्फुसांना सोसत नाहीत. भरावाच्या तळाशी एक फुटकी कुंडी पालथी ठेवा, तुटलेली बाजू म्हणजे तिचं दार. टिश्यू रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या जोडून त्या दारापासून वरपर्यंत वाट करून द्या. झुरिकच्या त्या अभ्यासाचं घरगुती रूप एवढंच. नळ्या तो चार दिवसांत खाऊन टाकेल, तोवर त्याने स्वतःचे बोगदे त्याच वाटेने पक्के केलेले असतील.

एक गोष्ट जीवावर बेतते, म्हणून वेगळी सांगते. जड वस्तू भरावावर ठेवू नका. चाक असो, दगड असो, वाळूचं भांडं असो, तिचे पाय टाकीच्या तळाला टेकलेले हवेत. जर्बिल वस्तूखाली उकरतो, खालचा आधार जातो आणि वस्तू त्याच्यावर बसते. असा चेंगरून मेलेला प्राणी हातात घेतला की मग भौतिकशास्त्र समजावून घ्यायची वेळ गेलेली असते. चाक सलग, भोकं-पायऱ्या नसलेलं, आठ इंचांहून मोठं घ्या. लहान चाकात पाठ धनुष्यासारखी वाकते.

आपल्या हवेचा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावायचा नाही. काचेवर ऊन पडलं की टाकीची भट्टी होते, म्हणून खिडकीसमोर ती कधीच नको, सकाळच्या कोवळ्या उन्हातही नको. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात घरातली सगळ्यात थंड खोली तिला द्या. खोल भराव इथेही कामाला येतो, कारण खाली गारवा टिकतो आणि प्राणी स्वतःच खाली जाऊन बसतो. मुंबई-कोकणातला पावसाळा जास्त वाईट. कोरड्या माळावरच्या या जिवाला दमट हवा सोसत नाही, अंगावरचे केस चिकट होऊन उभे राहतात आणि भरावाला कुबट वास येतो. ओला कोपरा दिसला की तेवढा काढून बदला. मुंग्यांसाठी आजीचा उपाय अजून चालतो, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

पळालेल्या जर्बिलचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नाही. मी सांगते. तो भिंतीच्या कडेकडेने जातो आणि पहिली अंधारी उबदार फट गाठतो. ती फ्रिजच्या मागे असते. तिथे वायर असते. वायरीतून वाचला तर सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलने जिन्यात ठेवलेल्या चिकट पॅडवर त्याचे चारही पाय रुततात, किंवा मोरीच्या कोपऱ्यातली ब्रोमॅडिओलोन या उंदराच्या विषाची निळी-हिरवी वडी तो खातो आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन काही दिवसांनी मरतो. शेजारच्या काकूंनी झाडूने मारला तर त्यांना बोल लावू नका. त्यांच्या दृष्टीने तो उंदीर होता, आणि स्वयंपाकघरात उंदीर दिसला की आपण सगळे तेच करतो. पळालाच, तर आधी ती पॅडं आणि वड्या उचला, दारांखालच्या फटी फडक्याने बुजवा, दिवे घालवा आणि ऐका, तो कुठेतरी खरवडत असतोच. भिंतीला लागून पुठ्ठ्याची लांब नळी ठेवा, तो आपण होऊन आत शिरतो. नळीची दोन्ही तोंडं हाताने बंद करून उचला. शेपटीला धरू नका, शेपूट हातात राहील आणि जर्बिल जाईल.

कॅलिफोर्नियात जर्बिल पाळणं बेकायदा आहे. कारण तिथल्या कोरड्या मुलखात पळालेले जर्बिल तग धरतील, वाढतील आणि पिकांना व स्थानिक प्राण्यांना उपद्रव देतील, ही सरकारची भीती. हवाईतही बंदी आहे. आपल्याकडे, जिथे महाराष्ट्राचा मोठा भाग कोरडवाहू आहे, दुकानदार पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या खोक्यात जोडी देतो. तुम्ही रिक्षाने घरी पोचेपर्यंत भोकं मोठी झालेली असतात. शिवाय ‘दोन्ही नर आहेत’ ही त्याची खात्री बहुतेक वेळा हवेतली. साधारण पंचवीस दिवसांत पिल्लं होतात, आणि मादी व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. शेपटीखालच्या दोन छिद्रांमधलं अंतर पाहून नर-मादी ओळखता येते, ज्याला ते दाखवता येत नाही त्याच्याकडून जोडी घेऊ नका.

कायदा आहे का? आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे, की प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कायदा करणाऱ्यांना प्राण्याच्या वेदनेची हीच किंमत वाटली. २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. दुकानात शिरल्यावर ते प्रमाणपत्र मागून पाहा. मी मागते. दुकानदाराचा चेहरा बघितला की पुढचं काही विचारायची गरज राहत नाही.

‘एवढं सगळं एका उंदरासाठी?’ हे मला दर वेळी ऐकावं लागतं, आणि तेही अशा लोकांकडून, ज्यांनी प्राण्यावर पाचशे आणि त्याच्या रंगीत तुरुंगावर दोन हजार आनंदाने खर्च केलेले असतात. हो, एवढं सगळं. तो तीन-चार वर्षं जगतो, आणि त्याच्या जगण्याचा प्रत्येक तास तुम्ही निवडलेल्या त्या खोक्यात जातो. रोजचं काम दहा मिनिटांचं आहे, मूठभर धान्य, ताजं पाणी, ओला कोपरा साफ. कष्ट आहेत ते सुरुवातीला, टाकी बनवून घेण्यात आणि सुताराशी वाद घालण्यात. तेवढे करायचे नसतील तर जर्बिल आणू नका. मुलाने दुकानात हट्ट धरला तर आपल्या घरी याला राहायला जागा नाही असं त्याला सरळ सांगा, आणि दुकानातून बाहेर पडा.